उघडे पाय

माझी मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा काही महिने तिला मी माणूस आहे की भूत, हे नक्की ठरवता येत नव्हतं. सुट्टीच्या दुपारी मी आडवी झाले की ती दबक्या पावलांनी यायची, माझ्या पायांवरची चादर टोकाला धरून उचलायची, पावलं कुठल्या बाजूला आहेत ते बघायची आणि निघून जायची. भुताचे पाय उलटे असतात, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी डोळे मिटून पडून राहायचे. मी जागी आहे हे कळलं तर ती परत येणारच नाही, असं मला वाटायचं.

दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर मी हळहळून विसरूनही गेले असते. पण हे आमच्या घरात घडलं, आणि आमचं घर म्हणजे शहराच्या छावणी भागातलं शहाणं घर. नाना, माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. विहाराच्या कमिटीवर. बैठकीत बावीस प्रतिज्ञांची तसबीर, आणि अंधश्रद्धेवर बोलायला कुणी हवं असलं की आसपासच्या चार तालुक्यांतून नानांनाच बोलावणं. आमच्या घरातला देव्हारा आजोबांच्या काळातच बाहेर गेला. देव गेले, भुतं मात्र गेली नाहीत. ती आईनं सांभाळली, स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी.

नाना भाषणाला निघाले की उंबऱ्याशी वाकून बुटाच्या नाड्या बांधायचे. तेवढ्यात आई मागून येऊन त्यांच्या पाठीवरून मूठ फिरवायची. मुठीत मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या. नानांना वाटायचं, बायको दारापर्यंत पोचवायला आली आहे. ते गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत इकडं गॅसवर मिरच्या तडतडायच्या. चाळीस वर्षं हा माणूस स्वतःची दृष्ट काढून घेऊन दृष्टीविरुद्ध बोलायला जात होता. मी लहानपणापासून ते बघत होते आणि कुणाला बोलले नव्हते. गप्प बसायचं वळण आमच्या घरात सगळ्यांनाच आहे.

नवरा चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. म्हणून मी आणि मुलगी आईवडिलांकडं राहत होतो. मी कोर्टाच्या नक्कल विभागात कारकून. लोकांच्या साक्षी, जबाब, निकाल यांच्या प्रती काढायच्या आणि त्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा, हे माझं काम. एका जुलैत शिक्के मारता मारता माझे हात गार पडले. छाती अशी उडायला लागली की आता संपलं, असंच वाटलं. सोबतच्या बाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हृदयाची पट्टी काढली, ती चांगली आली. पुढच्या महिन्याभरात असं सहा-सात वेळा झालं. बाजारात, बँकेत, एकदा शाळेच्या पालकसभेत. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी मोजून तीन मिनिटं ऐकलं, एक बारीक गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आणि दोन महिन्यांनी या म्हणाले. ही गोळी एकदम बंद करायची नसते, हे ते बोलले नाहीत. कदाचित खोक्यातल्या कागदावर ते मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असेल. पण दुकानदार पट्टी कापून द्यायचा, खोकं कधी माझ्या हातात आलंच नाही.

घरी सांगितलं. नाना म्हणाले, “आपल्यात असलं काही नसतं. मन खंबीर ठेव. वाचन वाढव.” आईनं वेगळंच विचारलं. “कोर्टातून येताना त्या चिंचंखालून येतीस का गं तू?”

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, म्हणतात ते असं. एकाचा भुतावर विश्वास, एकाचा नाही. माझ्या आजारावर मात्र दोघांचाही नव्हता.

गोळीनं बरं वाटलं, हेही खरं सांगते. छातीची धडधड थांबली. कितीतरी दिवसांनी मी रात्रभर झोपले. पण सगळंच अंग त्या झोपेत राहायला लागलं. जीभ जड झाली, आवाज घोगरा आणि सावकाश येऊ लागला. वरणात दोनदा मीठ पडायचं. कणीक मळता मळता परातीत हात तसाच ठेवून मी बसून राहायचे. मुलगी काही विचारायची आणि मी तिच्याकडं बघत बसायचे, उत्तर बऱ्याच वेळानं यायचं. ती समोर उभी राहून वाट बघायची. सांगितलेलं मी विसरायचे, विसरले हेही विसरायचे. आई लांबून न्याहाळायची. एकदा म्हणाली, “तुझा आवाज बदललाय. हा तुझा नाय.” मी म्हटलं, गोळीचं आहे. त्या दिवसापासून ती नातीला आपल्या खोलीत झोपवायला लागली.

मग ऑक्टोबरातला एक रविवार आला. विहाराच्या कमिटीचे तिघे बैठकीत बसले होते. पैठण तालुक्यात, पाचोडला, नानांचं भाषण ठरत होतं, विषय नेहमीचा. मी चहा घेऊन गेले. मला फक्त ट्रे आठवतो, त्यावरची मोराची चित्रं आठवतात. बाकीचं नंतर सांगितलेलं. मी म्हणे ट्रे खाली ठेवला आणि त्या घोगऱ्या, संथ आवाजात म्हणाले, “नाना, तुम्ही बूट घालता तेव्हा आई मागून मीठ-मोहरी उतरवती. चाळीस वर्षं झाली. तुम्हाला कुणीच सांगितलं नाही का?” आणि हसले म्हणे. बराच वेळ हसले.

पाहुणे चहा न पिताच उठले. त्या घरात जन्मापासून बोललेलं माझं हे पहिलं धडधडीत खरं वाक्य, आणि ते मी बोलले हे कुणालाच मान्य नव्हतं. नानांना मान्य करता येईना, कारण मग चार लोकांत त्यांची शोभा खुद्द लेकीनं केली असा अर्थ निघाला असता. म्हणून ते गोळी बोलली. आईला मान्य करता येईना, कारण तिच्या मते ही गोष्ट तिच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हती. “हिला कसं कळलं असंल? माझी लेक असं बोलत नाय. हे दुसरंच कुणीतरी हाय.” दोघांची त्या दिवशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकवाक्यता झाली. मी नव्हते, यावर.

संध्याकाळी नानांनी गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी उचलून आपल्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. “नशेच्या गोळ्या माझ्या घरात चालणार नाहीत.”

“डॉक्टरांना विचारू तरी,” मी म्हटलं.

“डॉक्टर धंदा करतो. तू शिकलेली आहेस.”

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, नाना एवढे वाचलेले आहेत, त्यांचं ऐक. मी दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरांकडं जाऊ शकले असते. कोर्टापासून दवाखाना दहा मिनिटांवर. गेले नाही. चारचौघांत तमाशा केलेल्या बाईला लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं की मी कमकुवत आहे. याचा राग मला अजून स्वतःवर आहे.

तिसऱ्या दिवशी आईनं काढलं, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्यात, चार दिवस मामाकडं हवापालट करू. मामाचं गाव लासूर स्टेशनच्या पुढं. नाना लगेच हो म्हणाले. मोकळ्या हवेत बरं वाटेल, म्हणाले. आई मला कसल्या हवेत नेत होती हे त्यांना माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. आता समजत नाही. त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही की तिथं काय झालं. ज्याला माहीत नसतं, तो माणूस एकदा तरी विचारतो.

पॅसेंजरमध्येच मला ऊन डोळ्यांना टोचायला लागलं. डब्यातली लहान लेकरं बोलत होती तर ती कानात ओरडल्यासारखी वाटत होती. पदर घामानं भिजला, आणि हात मांडीवर ठेवले तरी थरथरत होते. मुलगी खिडकीशी बसली होती. तिनं माझा हात धरला, मग जरा वेळानं सोडला. आई तो हात बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला शेतातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथला भगत म्हणजे लाल डोळ्यांचा, जटावाला कुणी असेल असं मला वाटलं होतं. तो शर्टाच्या खिशाला पेन लावलेला साधा माणूस निघाला. त्यानं मला पाणी दिलं आणि काय काय होतं ते विचारलं. अर्धा तास ऐकलं. कधी सुरू झालं, छातीत कुठं, झोप कशी, सगळं. आज कडू तोंडानं का होईना, पण कबूल करते, त्या अख्ख्या वर्षात माझं पूर्ण ऐकून घेतलेला तो एकटाच माणूस.

मग त्यानं आईला विचारलं, “गोळ्या चालू हायेत का?”

“व्हत्या. चार-पाच दिस झाले, बंद केल्यात.”

“लई बरं केलं. गोळीनं त्याला निजवून ठिवलं व्हतं. आता उठंल.”

आणि उठलं. उदाच्या धुरात, तापलेल्या पत्र्याखाली माझं अंग आतून हादरायला लागलं. आधी हात, मग खांदे, मग जबडा. दात एकमेकांवर आपटत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते. कडुलिंबाचा डहाळा पाठीवर पडत होता. मामा, मामी, गावातल्या चार-पाच बाया बसलेल्या. दाराशी मामीच्या पुढ्यात माझी मुलगी उभी होती. तिला कशाला आणलं, हे मी आईला नंतर एकदाच विचारलं. “घरी कुणापाशी ठिवू?” एवढंच ती म्हणाली.

भगतानं माझे केस धरले. “कोण हायेस तू?”

मी मुलीकडं बघून म्हटलं, “मी हिची आई आहे.”

“खोटं बोलतंय,” तो शांतपणे बायांना म्हणाला. “आधी ते असंच म्हणतं.”

डहाळा परत पडला. “खरं सांग. कोण हायेस?”

“मी मम्मी आहे, बाळा,” मी म्हटलं. जबडा हलत होता, शब्द तुटत होते, आवाज मलाच ओळखू येत नव्हता. मामीनं मुलीला मागं ओढलं. मुलीचा चेहरा मला दिसत होता. ती माझ्याकडं बघून भगताकडं बघत होती, भगताकडं बघून परत माझ्याकडं. लेकरू कुणाचं खरं धरायचं ते ठरवत होतं. मग तिनं मामीच्या पदराआड तोंड घातलं. रोज दोनशे कागदांवर खऱ्या नकलेचे शिक्के मारणारी बाई मी, आणि माझ्यावर शिक्का मारायला तिथं कुणी नव्हतं.

पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती, तोंडात रक्त, कपडे ओले. आईचा आवाज आला, “गेलं का?” भगत म्हणाला, “जाताना असंच झटकून जातं.” बाया सुटकेचा श्वास सोडून उठायला लागल्या. मामी मुलीला जवळ घेऊन समजूत घालत होती, आणि तिनं ते मायेनंच केलं, हे मला माहीत आहे. “भ्यायचं नाय. शंका आली की पाय बघायचे. सुलटे असले की तुझी मम्मी. उलटे असले की अजून ते हाय.”

तासाभरात दुसरा झटका आला. मग मात्र मामा घाबरला. मार्केटात न्यायला कांदे भरून ठेवलेला त्याचा पिकअप होता. पोती उतरवायलाही थांबले नाहीत, पुढच्या सीटवर मला आईच्या मांडीवर आडवं घातलं आणि शहरात आणलं.

दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, मामाकडून गोळ्यांचं ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गोळी एकदम कोणी बंद केली?”

नाना रुमालानं चष्मा पुसत उभे होते. म्हणाले, “तिनंच केली असावी. विसरते ती हल्ली.” आई फरशीकडं बघत होती. माझी जीभ सुजलेली होती, बोलता येत नव्हतं. येत असतं तर बोलले असते का, देव जाणे. देवही आमच्याकडं नाही, म्हणजे कुणीच जाणत नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ही गोळी पायरी पायरीनं उतरवायची असते. शरीराला तिची सवय होते. एकदम तोडली की अंग थरथरतं, घाम सुटतो, आवाज सहन होत नाही, झटके येतात, माणूस जाऊही शकतो. नाना मान डोलवत ऐकत होते, चांगलं भाषण ऐकताना डोलवतात तशी. डॉक्टर गेल्यावर आईला म्हणाले, “बघ, विज्ञान असतं ते असं.” आई हळूच माझ्या कानाशी म्हणाली, “त्यानं बाहेर काढलं म्हणून वाचलीस तू.” दोघंही जिंकले होते. मी खाटेवर होते.

पुढचे पाच महिने मी ब्लेडनं गोळ्या कापत होते. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव, मग नखाएवढा तुकडा. गोळी सुटली, धडधड बरीच कमी झाली, आणि कामावर मला कुणी काही विचारलं नाही. एवढंच काय ते बरं झालं. मुलगी मात्र माझ्याजवळ झोपायला येईना. दिवसा बोलायची, जेवायची, अभ्यास दाखवायची, पण हाताच्या अंतरावर राहून. आणि सुट्टीच्या दुपारी चादर उचलून बघायची.

मग मी एक केलं. त्या हिवाळ्यात मी पाय उघडे टाकून झोपायला लागले. डिसेंबरातली छावणीतली थंडी, पावलं बधिर व्हायची. आई म्हणायची, पांघरूण घे की नीट. मी घेतलं नाही. लेकराला चादर उचलायचे कष्ट नकोत, येता-जाता दिसावेत, सुलटे, दोन्ही. एकदा ती दारात बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “मम्मी, तुला थंडी नाही वाजत?” मी म्हटलं, नाही. मार्चमध्ये कधीतरी ती माझ्या अंथरुणात आली, पाठ माझ्याकडं करून झोपली. मी श्वाससुद्धा जोरात घेतला नाही. त्या दिवसांबद्दल आम्ही दोघी गेल्या महिन्यापर्यंत एक शब्द बोललो नव्हतो.

आठ वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, आमचं घर आहे तसंच आहे. नाना अजून भाषणं देतात, आणि त्यात आता माझी गोष्ट असते. ‘माझ्या स्वतःच्या घरातलं उदाहरण सांगतो,’ असं म्हणून. गावाकडच्या अडाणी नातेवाइकांनी लेकीला भगताकडं नेलं आणि आधुनिक औषधानं तिला वाचवलं, अशी ती गोष्ट. त्यात कुलूप लावलेलं कपाट नसतं. लोक टाळ्या वाजवतात. एकदा मी मागच्या रांगेत बसून ऐकलं, आणि मीही वाजवल्या. नानांना आता वाकता येत नाही, खुर्चीवर बसून बूट घालतात. आईला मूठ फिरवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळतो.

मुलगी अकरावीत आहे. गेल्या महिन्यात चाचणी परीक्षा होत्या. एका संध्याकाळी ती क्लासहून आली, दप्तर खाली न ठेवताच माझ्या पलंगावर येऊन बसली. ओठ पांढरे पडले होते.

“मम्मी, माझ्या छातीत धडधडतं. आज तिसऱ्यांदा झालं. हात गार पडतात.”

मी तिचा हात हातात घेतला. खरंच गार होता. मी म्हटलं, काही वाईट नसतं गं ते, मला माहीत आहे, उद्याच डॉक्टरांकडं जाऊ, मी स्वतः सगळं विचारून घेईन.

“गोळी नको,” ती म्हणाली. “मला सगळं माहितीये. मी वाचलंय, का झालं होतं तुला ते. सगळं कळतं मला. तरी गोळी नको.” मग म्हणाली, “नानांना सांगू नको. आजीला तर नकोच.”

आणि बोलता बोलता तिनं आपले दोन्ही पाय वर घेतले आणि माझ्या चादरीत ओढून घेतले, अगदी घोट्याच्या वरपर्यंत झाकून.

मी चादरीखाली हात घालून तिची पावलं धरली. मला खूप काही सांगायचं होतं. या वेळी सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलायचं, असं मी आठ वर्षं मनात घोकलेलं होतं. तेवढ्यात बैठकीतून नानांचा आवाज आला, “काय गं, काय झालं तिला?”

“काही नाही,” मी म्हटलं.